निवळलेला नमुना

११ जानेवारी

दादा,

तुझा पत्ता मामीकडून घेतला. कशाला हवाय असं तिने विचारलं नाही, त्यामुळे मला खोटं बोलावं लागलं नाही. ती फोन नंबरही देत होती. मी घेतला नाही. तू पहिल्याच शब्दाला फोन ठेवून दिलास तर पुन्हा लावायचा धीर मला होणार नाही. पत्र निदान फाडण्याआधी हातात तरी धरावं लागतं.

आई ठीक आहे.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ती ठीक नाही. तिची मूत्रपिंडं थकत चालली आहेत असं डॉक्टर म्हणतात. गेल्या वर्षी याच सुमाराच्या तपासणीत सगळं चांगलं होतं. "वय झालं की व्हायचंच," ते म्हणाले आणि मी मान डोलावली.

मला एकच विचारायचं आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तू आणि बाबांनी कारखान्यातला गाळ नावेतून नेऊन तळ्यात ओतला, असं तू तेव्हा म्हणाला होतास. तो नेमका कुठे ओतला? पंपघराच्या बाजूला की पलीकडे, दगडी उताराजवळ? मी त्या वेळी तिथे नव्हते, आणि बाबांना विचारायची सोय आता राहिलेली नाही.

कारण सांगते. मी सतरा वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे, हे मामीने तुला सांगितलं असेल. गावाला पाणी त्याच तळ्यातून येतं. दीड वर्षापूर्वी पाणवनस्पती इतक्या माजल्या की पंपाच्या जाळीत अडकून रोज पाणी बंद पडायचं. विषारी औषध मारायला नको म्हणून मी मासे सोडायचं सुचवलं. कार्प जातीचे, तळ उकरून खाणारे. अहवाल माझा, सही माझी. गेल्या मार्चमध्ये आठ हजार पिल्लं सोडली. वनस्पती गेल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

त्यांनी वनस्पती खाल्ल्या नाहीत, दादा. चिखलातल्या अळ्यांसाठी तळ उकरला आणि मुळांसकट उपटून टाकल्या. पंपवाले काका त्यांना नांगरे म्हणतात. परवा मला काठावर बोलावून दाखवलं त्यांनी. उथळ पाण्यात शेकडो शेपट्या वर आणि तोंडं चिखलात. "बघा बाई," म्हणाले, "बैल नाही, माणूस नाही, चोवीस तास नांगरट चालू. पूर्वी इथे नाणं पडलं तर छाप की काटा ते वरून सांगता यायचं."

आता हात मनगटापर्यंत बुडवला की स्वतःची बोटंसुद्धा दिसत नाहीत.

तेवढं ठिकाण कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

भुंगी


२४ जानेवारी

दादा,

उत्तर आलं नाही. तेरा दिवस म्हणजे फार नव्हेत, हे कळतं. तरी रोज दुपारी पोस्टमन येऊन गेला की दारात जाऊन बघते.

आधीच्या पत्रात मी घाईत असल्यासारखं लिहिलं. आता नीट सांगते, म्हणजे मी उगाच घाबरत नाही हे तुला कळेल. उगाच घाबरत असेन तर तेही तूच सांग.

बाबांच्या गाळात काय होतं हे तुला माहीत आहे. नट-बोल्टांना मुलामा द्यायच्या टाकीतला तो, म्हणजे त्यात कॅडमियम. हा धातू शरीरात गेला की वर्षानुवर्षं बाहेर पडत नाही आणि मूत्रपिंडात साठतो. तळ्याच्या चिखलात तो चिखलाच्या कणांना चिकटून बसतो. वर दरवर्षी नवा गाळ साचतो, वनस्पतींची मुळं त्याला धरून ठेवतात. कोणी हात लावला नाही तर तो तिथेच असतो.

कोणी हात लावला नाही तर.

मी एक प्रयोग केला. दोन काचेच्या बरण्यांत तळ्याचा चिखल भरला, वर विटेच्या भुकटीचा पातळ थर दिला आणि पाणी ओतलं. एका बरणीत चिखल आधी उकळून घेतला होता, म्हणजे त्यात जिवंत काही नव्हतं. दुसरीत तळ्यातली बारीक लाल गांडुळं होती, केसाएवढी. ती डोकं खाली खुपसून खोलचा चिखल खातात आणि शेपटीकडून वर टाकतात. मासे नाहीत, वारा नाही, बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. तुझी भाची त्या गांडुळांना "आईचे पाळीव प्राणी" म्हणते. आता नववीत आहे ती. तू तिला पाहिलेलं नाहीस.

सोळाव्या दिवशी उकळलेल्या बरणीत विटेचा थर जिथल्या तिथे, रेघ मारल्यासारखा. गांडुळांच्या बरणीत तो बोटभर खाली गाडला गेला होता आणि वर काळा चिखल आला होता, खालचा. नुसत्या केसाएवढ्या गांडुळांनी. मग वीतभर लांबीचे आठ हजार मासे काय करत असतील याचा हिशोब मी मांडत नाही. मांडवत नाही.

आता माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल. मला शिकवलेल्या थोरल्या बाई म्हणायच्या, "गढूळ नमुना यंत्राला चालत नाही. नळी तुंबते. चोवीस तास ठेव, निवळू दे, मग वरचं घे." सतरा वर्षं मी तसंच केलं. पाणी स्वच्छ होतं तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं, निवळायला खाली बसण्यासारखं काही नव्हतंच. पण गेले दहा महिने बाटलीच्या तळाशी रोज बोटाच्या पेराएवढा चिखल बसतोय. आणि मी रोज वरचं नितळ पाणी तपासून "योग्य" असा शेरा मारतेय. कणांना चिकटून जे येतं ते तळाशी राहतं. तळाचं मी मोरीत ओतत होते.

गावाला कोणी चोवीस तास निवळून पाणी देत नाही, दादा. गाळणीच्या दोन हौदांपैकी एक सारखा तुंबतो म्हणून त्याला वळसा घालून पाणी सोडतात.

हे माझ्या लक्षात दोन आठवड्यांपूर्वी आलं. मी अजून न निवळलेला नमुना तपासलेला नाही. का नाही, ते मला विचारू नकोस.

त्या सकाळी धुकं फार होतं, त्यामुळे तुलाही जागा नेमकी आठवत नसेल. अंदाजाने सांगितलंस तरी चालेल.

भुंगी


६ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "तुझी दोन्ही पत्रं निवळलेली आहेत. ढवळून पाठव." एवढंच, खाली सहीसुद्धा नाही.

आधी हसू आलं. तू पूर्वीही असाच होतास, एका वाक्यात माणसाला घरी पाठवायचास. मग हसू गेलं.

ठीक आहे.

बाबांनी तो गाळ तळ्यात टाकायचं ठरवण्याच्या आदल्या रविवारी मला विचारलं होतं. तू बाहेर गेला होतास. तपासणीवाले येणार म्हणून ते घाबरले होते. घाबरलेले बाबा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मी नुकती रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाले होते. ते म्हणाले, "तू शिकलेली आहेस. हे पाण्यात टाकलं तर पसरेल का?" मी म्हणाले, "पाण्यात फार राहत नाही बाबा. चिखलात जाऊन बसतं. बसलं की हलत नाही."

बाबांच्या चेहऱ्यावर इतका हलकेपणा आला की मला बरं वाटलं. आपण उपयोगी पडलो असं वाटलं. त्यांनी मला इतक्या गंभीरपणे कधी काही विचारलं नव्हतं, दादा. ते माझं समर्थन नाही. पण तसं होतं.

म्हणजे टाकलं त्यांनी आणि तू, पण वाक्य माझं. आणि मासेही माझे. एकाच तळ्याबद्दल दोनदा मला विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा मी पुस्तकातलं बरोबर उत्तर दिलं.

दुसरं. तू तक्रार केलीस तेव्हा ते अधिकारी घरी आले. बाबा म्हणाले, असलं काही झालं नाही. तू म्हणालास, झालं. मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा." मी म्हणाले, "मला काही माहीत नाही. दादाचं आणि बाबांचं वाजलंय, तो रागात बोलतोय." त्यांनी पाण्याची एक बाटली भरून नेली. पाणी अर्थात स्वच्छ निघालं. मी म्हटलं होतंच, पाण्यात फार राहत नाही.

त्या आठवड्यात तू गेलास. घरात सगळे म्हणत राहिले की पोराने बापावर खोटा आळ घेतला. मी ऐकत राहिले. बाबा गेले तेव्हाही घरातले तुला कळवू नका म्हणाले, आणि मी नाही कळवलं.

काल मी न निवळलेला नमुना आम्लात उकळून यंत्राला लावला. मर्यादेच्या नऊपट. मग घरी आले आणि आपल्या नळाचं पाणी घेतलं. मर्यादेच्या तिप्पट. आईच्या उशाशी असतो तो तांब्या उपडा करून बघितला. तळाशी हाताला लागेल न लागेल असा मऊ थर होता. ती म्हणाली, "काय शोधतेस गं?" मी म्हटलं, काही नाही.

तिच्या मूत्रपिंडाचा याच्याशी संबंध आहे की नाही, मला सांगता येत नाही. खरोखर येत नाही. दहा महिने म्हणजे कमीच, आणि वयही आहे. पण मी हे वाक्य दिवसातून वीस वेळा मनात म्हणते, आणि वीस वेळा म्हणावं लागतं यावरूनच काय ते कळतं.

मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. घरात मात्र पाणी दुकानातून विकत आणते. लेक म्हणाली, "आई, तुझ्या प्रयोगशाळेच्या पाण्यावर तुझाच विश्वास नाही?" ती चेष्टा करत होती. मी बाटलीचं झाकण लावलं.

गाव प्यायचं ते पितंय. म्हणजे मी आता बाबांहून वाईट आहे. त्यांना निदान माहीत नव्हतं.

उद्या साहेबांकडे जाते.

भुंगी


१३ फेब्रुवारी

दादा,

उद्या म्हटलं होतं, पण गेले तीन दिवसांनी. पहिल्या दिवशी साहेब रजेवर होते आणि मला इतकं बरं वाटलं की स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी साहेब होते.

शेवटी गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हा कुठला नमुना?"

"नेहमीचाच. फक्त न निवळलेला."

"मग निवळू द्या ना, बाई. गढूळ पाण्यात काय, शोधाल ते सापडेल."

"लोक गढूळच पितात, साहेब."

ते वाईट नाहीत. मेजाखाली त्यांचा पाय सारखा हलत होता. म्हणाले, "मासे तुमच्या अहवालावर सोडले. वर्षभर पाणी तुमच्या शेऱ्यावर सोडलं. हे बाहेर गेलं तर पहिलं काय विचारतील, माहीत आहे ना?"

"सही कोणाची."

"घरात मिळवणारं आणखी कोणी?"

"नाही."

"मग एकदा निवळून बघा," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात. मुलीला सांगावं तसं. "आकडा ठीक आला तर सगळेच सुटू."

दादा, मी प्रयोगशाळेत परत गेले आणि बाटली भरून फळीवर ठेवली. खरं सांगते. ठेवली. समोर स्टुलावर बसले. निवळताना बघितलं आहेस कधी? घाई नसते त्याला. आधी जड कण, मग बारीक, मग वरून एक पारदर्शक पट्टा उतरत येतो. दोन तासांत वरचं पाणी इतकं सुंदर झालं की कोणीही प्यावं. तीच बाटली उचलली, खदखदून हलवली आणि साहेबांच्या मेजावर नेऊन ठेवली. म्हटलं, "ही मी घेऊन वरच्या कार्यालयात जाते. तुम्ही बरोबर आलात तर आपल्या दोघांच्या सहीने जाईल."

ते आले.

काल अकरा वाजता पाणी बंद केलं. टँकर येतात. रस्त्यावर बादल्यांची रांग आहे आणि शेजारची बाई विचारते, "तुम्ही तिथेच आहात ना कामाला? झालं तरी काय?" चौकशी बसली आहे. मी जबाब लिहून दिला. त्यात बाबांना दिलेलं ते वाक्य आहे, अधिकाऱ्यांसमोरचं खोटं आहे, आणि "माझा भाऊ खरं बोलत होता" असंही आहे. त्याची प्रत सोबत आहे.

आईला सांगावंच लागलं. ती भिंतीकडे बघत बसली. मग म्हणाली, "भांडताना तो कधी खोटं बोलायचा नाही. खोटं बोलायचा ते जेवताना. पोट भरलं म्हणायचा, भाजी आवडली नाही की." मग विचारलं, "आणि मी गं? मी पीत होते तेच का पाणी?" मी हो म्हणाले. तिने माझा हात हातात घेतला नाही, झटकलाही नाही.

आता ठिकाण फार महत्त्वाचं झालंय. मासे काढायचे तर जाळं ओढावं लागेल, आणि जाळ्याची शिशाची वजनं तळ खरवडत जातात. बाबांच्या गाळावरून ती गेली तर आत्तापर्यंत झालं ते काहीच नाही. ती जागा आधी जाड पडद्याने चारी बाजूंनी बंद करायची आहे. तळं केवढं ते तुला माहीत आहे. आणि जागा माहीत असलेला तू एकटा आहेस. जबाबात मी लिहिलं आहे की मला ठिकाण माहीत नाही. ते खरं आहे.

रोज मासे नांगरतायत.

भुंगी


२२ फेब्रुवारी

दादा,

नकाशा मिळाला.

तुझा हात अजून तसाच आहे, शाळेच्या वहीतल्यासारखा. पंपघर, दगडी उतार, वाकडं झाड, नाव सुटली ती जागा, झाडापासून वल्ह्याचे किती हात, कुठे वळलात, कुठे थांबलात. सगळं काळ्या शाईत. "इथे चौदा पिंपं. पिंपं चांगली होती म्हणून बाबांनी रिकामी करून परत आणली." नकाशा फिरवून फिरवून वाचला.

आणि मग काठावर, झाडामागे, ती छोटी आकृती दिसली. एक वेणी, हातात मिटलेली छत्री. तेवढीच पेन्सिलने. शेजारी एक अक्षर नाही.

मी खुर्चीवरून उठले आणि दार लावून घेतलं. कोणाला बंद करत होते कोण जाणे, घरात एकटी आई होती.

बाबांनी सांगितलं होतं, "दादाला कळू देऊ नकोस, तो चिडेल. झाडामागे उभी राहा. कोणी येताना दिसलं तर छत्री उघड." कोणी आलं नाही. मी सबंध वेळ तिथे उभी होते. धुक्यात तुमची नाव लगेच दिसेनाशी झाली, नंतर फक्त ओतल्याचा आवाज यायचा, आणि मला वाटलं, मला तुम्ही दिसत नाही म्हणजे तुम्हालाही मी दिसत नाही. एकोणीस वर्षं हेच धरून बसले. चारही पत्रांत हेच धरून बसले. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागे सुटलेल्या काठाकडे असतं, हे मला कधी सुचलं नाही. बाबा पुढे बघत होते. तू माझ्याकडे बघत होतास.

म्हणजे अधिकाऱ्यांसमोर मी "मला काही माहीत नाही" म्हणाले तेव्हा तू म्हणू शकला असतास, ही तिथे होती, हिच्या हातात छत्री होती. एवढं बोलला असतास तर घरातून जावं लागलं नसतं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि गप्प बसलास. त्या नजरेचा अर्थ मी इतकी वर्षं राग असा लावला होता.

आणि आताही पेन्सिलने. म्हणजे खोडता यावी म्हणून. बाकीचा नकाशा चौकशीला देऊन टाकायचा, आणि एवढीशी जागा रबराने साफ करायची. कोणाला काही कळलं नसतं. तळ्याचं काम तेवढ्याने अडलंही नसतं.

खरं सांगू? रबर काढलं होतं. लेकीच्या कंपासपेटीतलं. मेजावर ठेवून बराच वेळ बसले. जबाबात आधीच इतकं आहे, आणखी कशाला, असं वाटत होतं. ऐकून-माहीत असलेली बहीण आणि पहाऱ्याला उभी असलेली बहीण यांत कायद्याने काय फरक पडतो, मला ठाऊक नाही. पडत असावा. नोकरी आहे, लेक आहे, आई आहे.

मग तुझ्यासारखंच काळं पेन घेतलं आणि त्या आकृतीवरून शाई फिरवली. वेणी, छत्री, पाय. दोनदा फिरवली म्हणून रेघ जाड आली आहे, तुझ्या रेघांत शोभत नाही. शेजारी लिहिलं, "ही मी," आणि तारीख घालून सही केली. नकाशा सकाळी देऊन आले. देताना साहेबांनी पाहिलं आणि विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "शेजारी लिहिलंय."

चौकशीवाल्यांनी परत बोलावलं आहे, सोमवारी दहाला. काय विचारतील ते माहीत आहे, काय होईल ते नाही. पडद्याचं कापड आलं आहे. तू आखलेल्या जागेभोवती परवापासून खांब रोवतील, आणि काम झाल्याशिवाय जाळं पाण्यात जाणार नाही. पंपवाले काका म्हणाले, अंतरं हातात मोजली आहेत, वल्हं मारणाऱ्याचा हात केवढा ते कसं कळणार? तो माणूस स्वतः असता तर बरं झालं असतं. मी त्यांना म्हटलं, विचारून बघते.

म्हणून विचारते. नाव तीच आहे, नवा रंग दिलाय. तू वल्ही मारशील, काका खांब धरतील. मी काठावर उभी राहीन, या वेळी झाडाच्या पुढे.

भुंगी